बिअर नसलेली बिअर

परदेशी राहताना आयात केलेली चांगली बिअर शोधायची, तर जिभेआधी लेबल साक्षेपाने वाचता यायला हवे, असे आमचे मत आहे. जपानचे उदाहरण बोलके आहे. तेथील मद्यकर कायद्यानुसार २०१८ पर्यंत 'बिअर' हे नाव मिळण्यासाठी माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचे, प्रमाण किमान दोन-तृतीयांश लागे. धणे वा संत्र्याची साल घातली की ते नाव मिळत नसे. परिणामी, हे दोन्ही घटक असलेली बेल्जियमची हूगार्डन ही गव्हाची बिअर तेथे 'हाप्पोशू', म्हणजे फेसाळ मद्य, या नावाने विकली जाई. हाप्पोशू म्हणजे कर वाचवण्यासाठी माल्ट कमी घातलेला स्वस्त पर्याय, असाच तिचा लौकिक. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला वारशाचा मान दिला, तेव्हाही टोकियोत ही बिअर 'बिअर' नव्हती! एप्रिल २०१८ मध्ये व्याख्या सैल झाली : ५० टक्के माल्ट पुरेसे ठरले, फळे-मसाले माल्टच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत चालू लागले. बाटलीवरचे नाव बदलले ते एवढ्यामुळे.

करवसुलीला वर्गीकरण लागतेच. परंतु त्यावरून प्रत ठरवणारा ग्राहक चांगल्या बिअरला मुकतो. कथा की ललितगद्य, या वादात मूळ मजकूरच न वाचणारा अभ्यासक याहून वेगळे काय करतो? तेव्हा दर्शनी नावापाशी न थांबता मागच्या बाजूचे घटक, देश आणि मुदत वाचावी. मगच बाटली फळीवर परत ठेवावी किंवा घरी आणावी.