परदेशी दुकानदाराला पैसे कसे धाडाल?

दूध काढायच्या जुन्या यंत्राचा एखादा भाग इथे कुठेच मिळत नाही. जर्मनीतल्या एका लहान दुकानात तो आहे, पण दुकानदार कार्ड घेत नाही. अशा वेळी नोटा पाकिटात घालून टपालाने धाडू नका. कायद्याला ते चालत नाही, आणि वाटेत गेल्या तर विचारणार कोणाला? ओळखीच्या माणसाकरवी पैसे फिरवणे म्हणजे तर हवालाच.

सरळ वाट बँकेची. आधी दुकानदाराकडून बिल मागवा. त्यावर नाव, पत्ता, बँकेचा स्विफ्ट कोड आणि आयबान, म्हणजे खाते क्रमांक, हवा. जर्मनीचा आयबान 'डीई'ने सुरू होतो. अक्षरे-आकडे मिळून बरोबर २२. घरीच मोजून पाहा, एक आकडा चुकला तरी खेटे पडतात. गावच्या शाखेत हे काम बहुधा होत नाही. परकीय चलनाचे काम करणारी शाखा विचारून, पॅन कार्ड घेऊन जा. माल विकण्यासाठी असेल तर आयात-निर्यात क्रमांकही लागतो.

अर्जात बँकखर्च कोणाचा, असा रकाना असतो. तिथे 'पाठवणाऱ्याचा' सांगा. नाहीतर मधल्या बँका आपला वाटा कापतात, शंभर युरो निघून कमी पोचतात, आणि दुकानदार माल अडवतो.

मध्येच 'खाते बदलले' असा निरोप आला, तर थांबा. पहिल्या बिलावरच्या फोनवर स्वतः बोला; चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत आणणे फार कठीण. बँकेची पावती जपा. पार्सलवर जकात लागली तर तीच दाखवावी लागेल.