सशाचे केस आणि शोषायचे यंत्र

दसरा उलटला की आमच्या मोहाडीकडे दोन कामे एकदम उभी राहतात. शेतात हलका धान कापणीला येतो आणि घरात आढ्याची जाळी काढायची असतात. यंदा त्यांत तिसऱ्याची भर पडली. आमचे ससे केस टाकू लागले.

ससे दोन. एक पांढरा, त्याचे नाव कापूस. दुसरी राखी, तिचे नाव ढगी. दोन वर्षांपूर्वी मुलाने नागपूरहून टोपलीत घालून आणले, तेव्हा दोघे मिळून माझ्या ओंजळीत मावत होते. आता कापूस उंबऱ्याशी आडवा पसरला की त्याला ओलांडून जावे लागते. ऋतू पालटताना हे प्राणी जुनी लोकर टाकून नवी घेतात, एवढे मला ऐकून ठाऊक होते. पण 'टाकतात' या साध्या क्रियापदात काय काय भरले आहे ते या आश्विनात कळले. वरणात केस, देवापुढच्या वातीत केस, आणि मुलाच्या काळ्या पँटीवर तर कोणी पीठ चाळून गेले असावे असे वाटे.

एवढ्यावरच भागले असते तर मी लेखणी उचलली नसती. पण धाकट्या नातवाला रात्री खोकल्याची ढास लागू लागली आणि एका पहाटे त्याच्या छातीतून शिट्टी ऐकू आली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासले, ओढायचा फवारा लिहून दिला आणि विचारले, "घरात जनावर आहे का?" नातू माझ्या तोंडाकडे बघत होता. खोटे बोलायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, "ससे दुसरीकडे दिलेत तर उत्तम. तूर्त जमत नसेल तर महिनाभर त्यांना मुलाच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका, घरात कोरडी केरसुणी फिरवू नका, आणि मग पुन्हा या."

परतताना बसमध्ये पोराने एकच विचारले, "आजी, महिना म्हणजे दिवाळी धरून का?"

त्या रात्री घरात व्हॅक्यूम क्लीनरची चर्चा सुरू झाली. सूनबाईने फोनवर मला तीस यंत्रे दाखवली. पाळीव प्राणी असलेल्या घरांसाठी खास, असे पुष्कळांवर लिहिले होते. मात्र चित्रात प्रत्येक वेळी कुत्रा! मी म्हटले, "अगं, कुत्र्याचा केस वेगळा, सशाचा वेगळा. घेणे आहे तर आपल्या केसाप्रमाणे घेऊ."

हे मी अंदाजाने बोलले नाही. माझे माहेर आंधळगावचे. कोशाचा धागा बघत मी लहानाची मोठी झाले. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर लोकरीसाठी पाळतात त्या अंगोरा सशाचा केस १२-१३ मायक्रॉनच भरतो. शिवाय तो आतून भरीव नसतो. आत हवेचे बारीक कप्पे असतात. म्हणून तो पडत नाही, तरंगतो. केरसुणीचा फटकारा बसला की जमिनीवरून उठून नाकाच्या उंचीवर येतो आणि आपण माजघर झाडून पडवीत पोचेपर्यंत पुन्हा माजघरात उतरतो. त्याचा आणखी एक गुण असा की त्याच्या अंगावर बारीक खवले असतात. केस एकमेकांत अडकून घट्ट थर बनतो. उंची साहेबी टोप्यांचे फेल्ट सशाच्या केसांचे करतात ते याच गुणामुळे. टोपीत हा गुण मोलाचा, यंत्राच्या गाळणीत मात्र तोच घातक! गाळणीवर घोंगडी विणली गेली की यंत्र नुसते घरघर करते, ओढत काहीच नाही.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यात आमच्या घरचे दुखणे आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअराने १९०१ साली धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र काढले. ते एवढे अवजड की घोडागाडीवरून यायचे, रस्त्यावर उभे राहायचे आणि खिडकीतून नळ्या आत सोडायचे. घरात मावणारे यंत्र १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो संस्थानात कँटन गावी जन्मले. करणारा जेम्स मरे स्पँगलर हा एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करी, आणि त्याला दमा होता! झाडताना धूळ उडते, धुळीने धाप लागते, आणि न झाडावे तर नोकरी जाते. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून आपली सोय केली. १९०८ मध्ये पेटंट मिळाले. आपल्याकडे १९८२ साली निघालेल्या युरेका फोर्ब्सच्या टायवाल्या विक्रेत्यांनी हे यंत्र दारोदार नेले. शहरातल्या पुष्कळ बायकांनी ते पहिल्यांदा आपल्याच दिवाणखान्याच्या सतरंजीवर चालताना पाहिले असेल.

स्पँगलरच्या अभ्र्यावरूनच मला मुख्य प्रश्न सुचला. यंत्राने ओढलेली हवा जाते कुठे? ती पुन्हा खोलीतच येते. मग तिच्यातली बारीक धूळ आत अडली नाही, तर केर दिसेनासा होईल, पण पोराच्या छातीला उपयोग शून्य. म्हणून दमेकऱ्याच्या घरी गाळणी पाहावी. तिला हेपा म्हणतात. चांगल्या प्रतीची हेपा ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ अडवते. मात्र गाळणी उत्तम आणि यंत्राचे झाकण सैल असेल, तर हवा फटीतून पळते. घरी यायच्या आधी दुकानातच यंत्र चालू करून सांध्यांभोवती हात फिरवावा. झुळूक फक्त बाहेर सोडायच्या जाळीतून लागली पाहिजे.

दुकानात जाताना मी पिशवीत तीन पुड्या घेतल्या. एकीत सशाचे केस, दुसरीत सुकलेल्या लेंड्या, तिसरीत तणसाचे तुकडे. सूनबाई लाजेने अर्धी झाली. विक्रेता मुलगा भला होता. त्याने गालिच्यावर साखर सांडून ती गट्ट करून दाखवली आणि म्हणाला, "पाहा काकू, बावीसशे वॅट!" मी माझ्या पुड्या सोडल्या. "बाप्पा, हे काय?" असे तो म्हणेपर्यंत पहिल्या यंत्राच्या फिरत्या ब्रशाने लेंड्या गोट्यांसारख्या चारी दिशांना उडवल्या होत्या. दुसऱ्याच्या नळीच्या बाकात तणस आडवे बसले आणि त्यामागे केसांचा बोळा. तिसऱ्याने सगळे ओढले. मी म्हटले, आता डबा रिकामा करून दाखव. त्याने खटका दाबला आणि कापसाचा ढग त्याच्या शर्टावर, माझ्या पदरावर आणि सूनबाईच्या चष्म्यावर बसला.

त्या दुपारी निम्मी यादी गळाली. बिनपिशवीचा डबा दिसायला सुटसुटीत, दर वेळी पिशवीचा खर्च नाही. पण दमेकऱ्याच्या घरात तो उघडायचा म्हणजे केलेल्या कामावर पाणी. आम्ही पिशवीचे यंत्र घेतले, भरली की तोंड बंद होणाऱ्या कागदी पिशवीचे. मात्र तशा पिशव्या भंडाऱ्यात मिळतात ना, हे आधी विचारले. नागपूरला खेप घालावी लागणारे यंत्र चार महिन्यांत माळ्यावर जाते.

आणि वॅटला भुलू नका. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते. काम किती करते ते नव्हे. भरपूर खाणारा बैल चांगला ओढेलच असे कोण म्हणेल? युरोपात १ सप्टेंबर २०१७ पासून नव्या यंत्रांना ९०० वॅटची आणि आवाजाला ८० डेसिबलची मर्यादा घातली. तिकडच्या घरांत काही केर साचून राहिलेला नाही. विचारायचे ते हवेच्या ओढीविषयी, आणि सांगता येत नसेल तर माझ्या पुड्या आहेतच. नळी शक्य तितकी रुंद, कमी बाकाची आणि दोन्ही टोकांनी सुटणारी असावी, म्हणजे अडकलेले तणस काठीने ढकलता येते.

जमिनीचे बघा. जाहिराती लिहिणाऱ्यांच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असावेत. आपल्याकडे फरशी, कोबा, नाहीतर सारवलेली जमीन. फरशीवर फिरता ब्रश नकोच. तो उचलण्याआधी उडवतो. मऊ केसांची साधी रुंद मुखपट्टी लावली की पुरे. फिरता छोटा ब्रश गाद्यांना आणि सतरंजीला ठेवावा, तोही रबरी दातांचा, म्हणजे केस गुंडाळले तर कात्रीने कापत बसावे लागत नाही. सारवलेल्या जमिनीवर हे यंत्र मुळीच चालवू नये. ते आधी पोपडे खाते आणि मग जमीन. तिथे खाली पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने केस गोळा करणे बरे. सशाची लघवीही साध्या यंत्राने ओढायची नाही. ती वाळून पांढरा खडूसारखा थर धरते. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून पुसले की निघतो.

बिनवायरीची यंत्रे हलकी असतात आणि आमच्यासारख्या गुडघे धरलेल्यांना मोहात पाडतात. पण पूर्ण जोरावर कित्येकांची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत संपते. चार खोल्यांचे घर आणि केसांचा हंगाम, त्यात ते अर्ध्यावरच टेकते. त्यांचा एक फायदा मानते: ससा वायर कुरतडतो. आमच्या ढगीने फोनच्या दोन वायरी साफ कापल्या आहेत. म्हणून वायरीचे यंत्र चालवताना ससे दाराआड, आणि काम झाले की वायर लगेच गुंडाळून उंचावर. आपोआप फिरणाऱ्या चकतीबद्दल शेजारच्या मावशींनी विचारले होते. तिचा डबा मुठीएवढा, आणि ससे पहाटे एक मऊ लेंडीही टाकतात, जी ते स्वतःच पुन्हा खातात. चकतीने ती आधी गाठली, तर साऱ्या घरभर सारवण होते.

आवाजाचे विसरू नका. यंत्र सुरू झाले की कापूस मागचा पाय जमिनीवर आपटतो. सशांच्या भाषेत ती धोक्याची दवंडी. म्हणून आम्ही आधी यंत्र दोन दिवस बंदच त्यांच्यापुढे ठेवले, मग लांबच्या खोलीत चालवले. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्रीही त्यांना आतल्या बाजूच्या कोठीत नेऊन वर जाड चादर टाकते.

एवढे सांगून आता खरे सांगते. यंत्रापेक्षा जास्त केस माझ्या ओल्या तळव्याने गोळा केले. रोज सकाळी अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, मऊ ब्रश आणि मग ओला हात पाठीवरून फिरवायचा. जमिनीवर पडायच्या आधी जो केस हाती लागला तो ना गाळणीत, ना वरणात. हे सशाच्याही भल्याचे आहे. तो स्वतःला चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. केस पुढे सरकावे लागतात ते भरपूर वाळलेले गवत खाऊनच. केस टाकायच्या दिवसांत ससा खायचा थांबला, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद झाल्या, तर उद्या बघू म्हणू नये, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावा. त्याला अंघोळ घालू नये. आणि कोणी सांगितले तरी यंत्राची नळी त्याच्या अंगाला लावू नये. कातडी फार नाजूक असते.

मध्येच एक सांगून टाकते. धान कापताना बांध्यांत सशाचे पिल्लू सापडते आणि पोरे ते घरी आणतात. तो रानससा. जन्मतःच त्याला केस असतात, डोळे उघडे असतात. पाळीव सशाची पिल्ले नागडी आणि आंधळी जन्मतात. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि आई संध्याकाळी दूध पाजायला त्याच जागी येते. पिल्लू जिथे होते तिथेच ठेवून या.

आता नातवाचे. यंत्र येऊन तीन आठवडे झाले. ससे पडवीत राहतात, त्याच्या खोलीचे दार बंद असते, पांघरुणे दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून निघतात, फवारा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू आहे. रात्रीची ढास कमी झाली आहे, गेलेली नाही. मी त्याला खोटी आशा दाखवलेली नाही. त्रास देणारी वस्तू नुसता केस नसते. सशाची लाळ, लघवी, कातडीचा कोंडा यांतली द्रव्ये केसावर बसून घरभर जातात, आणि यंत्र त्यांतली काहीच उचलते. हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले. त्याने बराच वेळ विचार करून विचारले, "मग कापूस-ढगीला मावशींकडे ठेवले तर मला भिंतीवरून दिसतील का?"

मावशींकडे माग आहे, रेशमी ताण्यावर एक केस बसला तरी त्यांच्या जिवावर येते. तरी त्यांनी मागच्या अंगणातला गोठा रिकामा करून ठेवला आहे. तिथून आमची भिंत आठ पावलांवर. भाऊबीज झाली की डॉक्टरांकडे जायचे आहे. तोवर रोज सकाळी नातू खिडकीच्या आतून मला सांगतो, आजी, डाव्या कानामागचे राहिले, आणि मी तळवा ओला करून पुन्हा फिरवते.