सत्तरीनंतर सायकल, आणि तीही बॅटरीची



आपल्या या पानावर आजोळच्या, जुन्या वाड्यांच्या, बदल्यांच्या आठवणी येतात. मी आज आठवणीबरोबर एक मतही मांडणार आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा.

मत असं. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी परदेशी जायचं ठरवलं, तर बसमध्ये बसून सहा-आठ देश धावत बघू नयेत. एक नदी धरावी, सायकल भाड्यानं घ्यावी आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर जावं. सायकल बॅटरीची घ्यायला अजिबात लाजू नये. हे शेवटचं वाक्य मी मुख्यतः स्वतःलाच सांगतोय.

मी बेळगाव-शहापूरचा. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि निपाणी, चिकोडी, गोकाक असं फिरत फिरत अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वय ७३. सौ. ६९ वर्षांची. २०११ साली आम्ही एका सहल कंपनीबरोबर युरोप केलं होतं, नऊ दिवसांत सहा देश. पहाटे पाचला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बस, आणि प्रत्येक ठिकाणी ‘पंचवीस मिनिटांत परत या’. घरी आल्यावर फोटो बघताना कुठला पूल कुठल्या देशातला, यावर आमचं भांडण व्हायचं. ही म्हणाली होती, “मला आपल्या सीटचा नंबर तेवढा नीट आठवतो बघा.”

गेल्या सप्टेंबरात मुलीकडे फ्रान्समध्ये गेलो होतो. ती नाँत शहरात असते, लुआर नदी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे. लुआर ही फ्रान्सची सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरहून जरा जास्त. तिच्या काठानं सुमारे ९०० किलोमीटरची सायकलची वाट आखलेली आहे. नाव साधं, ‘लुआर आ व्हेलो’, म्हणजे ‘सायकलनं लुआर’. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जो लांबलचक युरोपीय सायकलमार्ग जातो, त्याचाच हा बराचसा भाग. मुलगी म्हणाली, “आई-बाबा, सगळी नका करू. ब्लुआपासून सोम्यूरपर्यंत जा. दीडशे किलोमीटर, सात दिवस.” मी मनात भागाकार केला. दिवसाला एकवीस-बावीस. एवढं तर मी तरुणपणी जेवणाच्या सुट्टीत केलं असतं, असं वाटलं.

पुण्याच्या मुलाचा फोन आला, “बाबा, या वयात? तुमची अँजिओप्लास्टी झालीय.” डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चढावर जोर लावू नका, बाकी सायकल चांगलीच. ही वाट बहुतेक सपाट आहे, कारण ती बऱ्याच ठिकाणी नदीच्या बांधावरून जाते. पूर अडवायला मध्ययुगापासून घातलेले हे बांध. बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणारे लोक मिळतात. सायकलवाल्यांचं स्वागत करणाऱ्या घरांवर आणि हॉटेलांवर तशी पाटी असते. तिथं सायकल सुरक्षित ठेवायला जागा आणि दुरुस्तीचं किरकोळ सामान मिळतं. थकलात, तर तिथल्या लोकल गाडीत सायकल चढवून पुढं जाता येतं. थोडक्यात, यात मर्दुमकी काही नाही. सोय आहे म्हणून आमच्यासारख्यांना जमतं.

ब्लुआला सायकली घेतल्या. हिनं बॅटरीची घेतली. मी म्हटलं, “मला कशाला? आयुष्यभर पायानं चालवलीय.” पहिले दोन दिवस शोमाँ आणि आंब्वाझ मजेत झाले. आंब्वाझ म्हणजे लिओनार्दो दा विंची जिथं १५१९ साली वारला ते गाव. राजवाड्याच्या आवारातल्या छोट्या देवळात त्याची समाधी दाखवतात. बसनं गेलो असतो तर समाधीचा फोटो काढून परत फिरलो असतो. आम्ही तिथं मुक्काम केला. संध्याकाळी पर्यटक गेल्यावर नदीकाठी बसलो. सप्टेंबरात पाणी कमी, वाळूची बेटं वर आलेली, काठाला सपाट तळाच्या नावा बांधलेल्या. मला घटप्रभेचा मे महिना आठवला.

तिसऱ्या दिवशी आंब्वाझहून तूरकडे निघालो. वाट द्राक्षमळ्यांतून थोडी चढते आणि मग परत नदीला येते. या खोऱ्यात वारा बहुतेक समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि आम्ही पश्चिमेलाच निघालेलो. तासाभरात माझा दम गेला. ही पुढं, मी मागं. आधी आवाजाच्या टप्प्यात होती, मग नजरेच्या, मग नुसता एक लाल ठिपका दिसायला लागला. मंडळी, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. ही माझ्यापुढं चालतेय असं दृश्य मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

एका बाकावर ती थांबली होती. पलीकडच्या काठावर पांढऱ्या दगडाचा कडा आणि त्या कड्यात कोरलेली घरं. या भागातला तुफो नावाचा मऊ दगड वाड्यांसाठी खणून काढला आणि उरलेल्या पोकळीत लोकांनी घरं केली, द्राक्षाच्या दारूची कोठारं केली, सोम्यूरकडे तर अळंबी पिकवली. मी धापा टाकत पोचलो. म्हटलं, “तुझं बरंय, बॅटरी ओढतेय.” ती म्हणाली, “ओढत नाही हो. मी पेडल मारते तेव्हाच ती हात लावते.” खरंच तसं आहे. तिथल्या कायद्यानं पेडल मारल्याशिवाय ही मोटर चालत नाही आणि ताशी पंचवीसच्या वर गेलं की मदत बंद होते.

मग कड्याकडे बघतच तिनं विचारलं, “माझी हिरवी सायकल किती रुपयांना गेली होती?”

मी गप्प. पण आकडा मला पाठ होता. साठ रुपये.

ही खानापूरची. शाळेला सायकलवरून जायची. लग्नात ती लेडीज सायकल, मागच्या चाकाला जाळी लावलेली, तिच्याबरोबर आमच्या घरी आली. आठ दिवसांनी आई म्हणाली, “सुनेनं सायकलवरून भाजी आणायची म्हणजे गल्लीत काय दिसेल?” मी काही बोललो नाही. सायकल परसात उभी राहिली. १९८३ ला गोकाकला बदली झाली, तेव्हा सामान कमी करायचं म्हणून मी ती विकली. हिला विचारलं नाही. माझ्या हिशेबात ती वापरात नसलेली जुनी वस्तू होती. वापरात का नव्हती, हा प्रश्न मी मांडलाच नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि घरातली ही एक नोंद तशीच सोडली.

“साठ,” मी म्हटलं. ती “हं” म्हणाली आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. विषय तिनं वाढवला नाही. तूरला पोचल्यावर मी सायकल बदलली आणि बॅटरीची घेतली.

तिथून पुढचे चार दिवस आम्ही शेजारी शेजारी चाललो. माझं मत खरं तर या चार दिवसांत झालं. हळू गेलं की काय दिसतं ते सांगतो.

गावोगावी घरांच्या भिंतींवर, पुलांपाशी पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. १८४६, १८५६, १८६६, दर दहा वर्षांनी एक महापूर. काही रेषा माझ्या डोक्याच्या वर होत्या. मी कृष्णाकाठच्या शाखेत काम केलंय, २०१९ चा पूर आपल्या जिल्ह्यानं भोगलाय. आपल्या किती गावांनी ती रेषा दगडात कोरून ठेवली? हा प्रश्न मला बसच्या खिडकीतून पडला नसता.

लहानशा गावातही चर्चपाशी नाहीतर चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा खांब असतो. एका गावात एकच आडनाव तीनदा होतं. आपण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या गावातली माणसं, अशा खांबापुढं पाय थांबतातच. १९१४ साली आपली हिंदी फौज मार्सेलला उतरली आणि आघाडीवर जाण्याआधी ऑर्लेआँला जमली. ते ऑर्लेआँ याच नदीवर आहे, आम्ही निघालो त्या ब्लुआच्या थोडं वर. ही बराच वेळ ती तीन नावं बघत होती.

खाण्याचं म्हणाल, तर आम्ही शाकाहारी. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी तर बऱ्याच गावांत सगळंच बंद. सकाळी बेकरीतून पाव घ्यायचा, बाजारातून टोमॅटो आणि शेळीच्या दुधाचं चीज. एका चीजच्या लांबट कांडीतून तर गवताची काडी आरपार घातलेली असते. घरून नेलेली शेंगाचटणी त्या पावावर इतकी चांगली लागते म्हणून सांगू! पाणी कुठं भरायचं? तिथले सायकलवाले सांगतात, गावाच्या दफनभूमीत नळ असतो. ही म्हणाली, “मेलेल्यांच्या दारचं पाणी मी पिणार नाही.” दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर स्वतःच आत जाऊन बाटल्या भरून आली, आणि आतल्या फुलांचं कौतुकही करून आली. एक गोष्ट मात्र पाळा. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग काय ते मागा. नमस्कार केल्याशिवाय मागणं आपल्याकडे तरी कुठं चांगलं दिसतं?

सहाव्या दिवशी काँद-सँ-मार्तँ. इथं व्हिएन नदी लुआरला मिळते. सेंट मार्टिन हा संत इथंच ३९७ साली वारला. वरच्या टेकाडावरून संगम दिसतो. हिनं हात जोडले. संगम म्हटल्यावर आपले हात आपोआप जुळतात.

आता आक्षेप. स्वस्त पडतं का? नाही. विमान, व्हिसा, खोल्या, सायकली, सगळं धरलं तर बसच्या सहलीइतकंच होतं. व्हिसाला निदान तीस हजार युरोचा विमा लागतो आणि सत्तरीनंतर त्याचा हप्ता जास्त बसतो. भाषेचं काय? आम्हाला मुलीचा फोन होता, हे कबूल. पाऊस? एक दिवस पूर्ण भिजलो, गाडीत बसून पुढं गेलो. ज्यांचा तोल जातो, ज्यांचे गुडघे अगदीच गेलेत, त्यांनी हट्ट करू नये. पण बाकीच्यांनी ‘आता काय वय राहिलंय’ हे मुलांच्या तोंडून ऐकून लगेच मान डोलवू नये. आपला वेग आपण ठरवावा. आणि ‘आपण’ म्हणजे घरातली दोन्ही माणसं. हे मला फार उशिरा कळलं.

परत आल्यावर हिनं बॅटरीची सायकल घेतली, स्वतःच्या पेन्शन खात्यातून नाही, माझ्या. सकाळी सहाला रहदारी नसताना टिळकवाडीपर्यंत जाऊन येते. मी मागं असतो.

कुणाच्या माळ्यावर, परसात जुनी लेडीज सायकल पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या बाईला एकदा विचारा.