बोलक्या यंत्राची कसोटी

शेतकऱ्यांच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ हे ॲप राज्य शासनाने २०२५ साली सुरू केले. यंत्र आता बोलू लागले आहे. ते लोकांचा संभ्रम दूर करील की वाढवील, हे मात्र पुराच्या दिवसांतच ठरेल, असे आम्हांस वाटते.

कोयनेचे दरवाजे सातारा जिल्ह्यात उघडतात, ते पाणी कराडला कृष्णेस मिळते आणि धडकी भरते ती सांगलीकरांच्या उरात. विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो, आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत. ४० फूट इशाऱ्याची, ४५ फूट धोक्याची. परंतु नदीकाठच्या गृहिणीचा प्रश्न एवढाच असतो, की आमच्या गल्लीत पाणी केव्हा येईल? ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांच्या घरात गेली, तेव्हा या प्रश्नाचे मोल साऱ्या शहरास कळले.

अशा वेळी यंत्राने आकडे न फेकता आधी गल्ली विचारावी, माहिती किती वाजताची ते सांगावे आणि ठाऊक नसेल तेथे तसे स्पष्ट सांगून नियंत्रण कक्षातील माणसाशी गाठ घालून द्यावी. खोटा धीर देणारे यंत्र अफवेहून घातक. कारण अफवेवर माणूस शंका तरी घेतो.

मात्र किती फुटांना कोणत्या गल्लीत पाणी शिरते, ही माहिती यंत्रास पुरविणे जलसंपदा विभागाचे व महापालिकेचे काम आहे. ते पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावे आणि यंत्राच्या प्रत्येक उत्तराची जबाबदारी शासनाने स्वतःकडे घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.