पाणंदीचे काम: आधी नकाशा, मग मुरूम

बार्शीची बाजारपेठ ज्वारी व तुरीसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि येथील माल मुख्य लोहमार्गाला जोडला गेला. पुढे डांबरी सडका झाल्या. परंतु शेतापासून सडकेपर्यंतची वाट अद्यापही पुष्कळ ठिकाणी पावसाच्या मर्जीवर आहे. सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस यांची अनेकदा गाठ पडते. त्या दिवसांत पाणंद चिखलाने बंद झाली, तर वर्षाचे श्रम रानातच भिजतात.

यावर उपाय म्हणून आपण प्रथम मुरमाची मागणी करतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आपली काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. तिच्यावर नुसता पसरलेला मुरूम लवकरच खचतो. मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंस चर व ओघळीवर सिमेंटचे नळ यांवाचून खर्च व्यर्थ होय. चरांसाठी जागा हवी, आणि ती तर दरसाल नांगराच्या एकेका तासाने शेतात गेलेली असते.

म्हणून प्रारंभ गावनकाशापासून व्हावा. त्याची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. त्यात तुटक दुहेरी रेषा गाडीमार्गाची, तर तुटक एकेरी रेषा पायमार्गाची असते. उन्हाळ्यात रान मोकळे असताना गावकऱ्यांनी नकाशा घेऊन शिवार पायी फिरावे. जी वाट अधिकाधिक खातेदारांना सडकेपर्यंत पोचविते ती प्रथम घ्यावी; तिच्या कडेला कोणाचे शेत आहे, हे पाहू नये. पायमार्गही वगळू नयेत. खुरपणीस जाणाऱ्या स्त्रियांना बैलगाडी वा ट्रॅक्टर नसतो.

वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र ती 6 महिन्यांच्या आत मागावी लागते. वाटच नसल्यास 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. 2021 च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेने शेतरस्त्यांसाठी निधीचीही तरतूद केली.

तथापि कायदा व निधी यांहून समजुतीचे बळ मोठे आहे. जो येथे दोन हात जमीन दाबून बसला आहे, त्यालाही आपला माल नेण्यास पुढे दुसऱ्याच्या बांधावरून जावेच लागते. हा हिशेब ग्रामसभेत मोकळेपणाने मांडला जावा आणि येत्या पावसापूर्वी प्रत्येक गावाने निदान एक पाणंद तरी अखेरपर्यंत खुली करावी.