गोधडीचे टाके आणि श्रमाचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात गोधडी शिवणाऱ्या एका बाईंशी मी शिलाईवरून घासाघीस केली. आईची दोन जुनी लुगडी व काही सुती चादरी त्यांना द्यावयाच्या होत्या. त्यांनी ८०० रुपये सांगितले. मी ६०० वर व्यवहार पुरा केला. "जुन्या कापडाला टाके घालायचे, मावशी, त्यात एवढे काय?" हे माझे वाक्य. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ते शोभणारे नव्हते, हे कळावयास पुढे महिना लागला.

उरलेल्या कापडांची दुसरी गोधडी स्वतःच शिवावी, असे मनात आले. शिकविण्यास आई होती. विरलेले सुती कापड मऊ असते व सुई त्यातून सहज जाते. जाड काठ आड आला की ती अडते, हा पहिला धडा. खालचे कापड ताणून अंथरावयाचे, कोपऱ्यांवर वजने ठेवावयाची, सारे थर लांब कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधावयाचे आणि मग काठापासून आत, फेऱ्याफेऱ्यांनी धावदोरा घालावयाचा. मी कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला. तिसऱ्या फेरीस वरचे कापड सरकले आणि कोपऱ्याशी फुगा आला. आईने निमूटपणे दोन फेऱ्या उसवल्या. "अरे, दोरा खेचू नकोस, चुण्या पडतात," एवढेच ती म्हणाली.

बोटे दुखू लागली तेव्हा हिशेब सुचला. गोधडी १८० सेंटिमीटर लांब व १२० रुंद. फेऱ्यांतील अंतर दोन सेंटिमीटर. म्हणजे धावदोऱ्याची एकूण लांबी सुमारे १०८ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर १०,८०० टाके! आई मिनिटास बारा टाके घालते. तिला १५ तास लागतील. माझा वेग पाच टाक्यांचा. मला ३६ तास. कापणे, ठिगळे जोडणे, टाचणे यांचे पाच तास धरले, तर सराईत हातालाही २० तास हवेत.

आता बाईंच्या मागणीकडे पाहू. ८०० रुपयांना २० तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसास ३२० रुपये. २०२५-२६ सालासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. बाईंची मागणी त्या दराच्या काठावरच होती. माझ्या घासाघिशीने ती २४० वर आली. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेथील एका प्राध्यापकाने त्या हमीच्या दराहूनही कमी मजुरी दिली, असा याचा सरळ अर्थ.

किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते, असे कोणी म्हणेल. वर्गात मीही तेच शिकवितो. यंत्रावरचे स्वस्त ब्लँकेट घेण्यास ग्राहक मोकळा आहे. परंतु 'यात काम ते काय' असे म्हणून दर पाडणे वेगळे. घरातल्या बाईकडून जे विनामूल्य मिळत आले, त्याचा बाजारातील दरही आपण शून्याकडे ओढतो. आकडेवारीनेही हीच दृष्टी जपली आहे. घरकामाबरोबर घरासाठी शिवणकाम, विणकाम, सरपण गोळा करणे अशी कामे करणाऱ्यांना राष्ट्रीय नमुना पाहणीने '९३' हा संकेतांक दिला आणि त्यांना श्रमशक्तीबाहेर ठेवले. माझ्या आईचे बहुतेक आयुष्य या संकेतांकात गेले. २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार पुढे आला. त्याचा सारा व्याप आज झेपणार नाही. पण कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी मिळून हातभर गोधडी शिवावी, लागलेल्या वेळेची नोंद ठेवावी आणि गणिताच्या तासाला तिची मजुरी काढावी, एवढे कोणत्याही शाळेस शक्य आहे. त्यासाठी सुई, दोरा आणि जुने कापड पुरे.

माझी गोधडी अद्याप निम्मी आहे. कोपऱ्यातील फुगाही पुरता गेलेला नाही. बाईंचे राहिलेले २०० रुपये मात्र त्यांना नेऊन दिले. त्यांनी ते घेतले, पण "कशाचे?" असे विचारले. मला सांगता आले ते इतकेच, की हिशेबात चूक झाली होती.