शेवटच्या गावातला टॉवर

देशातली मोबाईल कनेक्शन्स शंभर कोटींच्या पुढे गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण शहरात एकाच खिशात दोन सिमकार्डे असतात आणि सीमेवरच्या एखाद्या गावात एकही चालत नाही, हे त्या बेरजेत दिसत नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच गावांच्या आसपास गेली, म्हणून हा विषय.

आधी श्रेय द्यायचे तिथे देऊ. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. १९९९ च्या धोरणाने कंपन्यांवरचा भरमसाट परवाना फीचा बोजा काढून उत्पन्नातला हिस्सा घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले. पुढे दहा रुपयांचे रिचार्ज आणि मिस्ड कॉल यांवर गरीब माणसानेही फोन वापरला. आम्ही एनडीएत असताना घरी बोलायचे म्हणजे एसटीडी बूथची रांग. काही वर्षांतच पलटणीतल्या जवळजवळ प्रत्येक जवानाकडे फोन आला. ही करामत स्पर्धेची होती.

पण कंपनी गिऱ्हाईक मोजते, आणि ते तिचे कामच आहे. वीस घरांच्या गावात टॉवर उभारायचा तर खर्च शहरातल्यापेक्षा जास्त. वीज नाही, म्हणजे डिझेल वर चढवा. दरड कोसळली की फायबर तुटते. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की दुरुस्तीचा माणूसही पोचत नाही. एवढे करून महिन्याचे रिचार्ज किती? त्यात परवान्याच्या अटींतच सीमेजवळ सिग्नल विरत गेला पाहिजे, असे म्हटलेले होते. मग तिकडे कोण कशाला जाईल?

यासाठीच २००२ मध्ये सार्वत्रिक सेवेचा निधी सुरू झाला. कंपन्यांच्या उत्पन्नातून त्याची पट्टी कापली जाते, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या बिलातून. वर्षानुवर्षे या खात्यात जमा जास्त आणि खर्च कमी राहिला. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. नाव बदलले ते ठीक, खर्चाची सवयही बदलावी.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे आम्ही पाहिले आहे. उंचावरच्या चौक्यांवर घरी बोलायला सॅटेलाइट फोन असे. २०१७ च्या दिवाळीत त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला गेला. तो एक रुपया कुठल्याच धंद्याच्या हिशोबात बसणारा नव्हता. गरज होती म्हणून तो ठरला. शेवटच्या गावाचा टॉवरही तसाच ठरवावा लागेल.

माझे काही सहकारी यावर नाराज होतात. फोन आला की ठावठिकाणा फुटतो, जवान जाळ्यात सापडतात, असे ते म्हणतात. धोका खरा आहे. २०२० मध्ये लष्कराने ८९ ॲप्स काढून टाकायला सांगितली, ती उगाच नाही. पण तो आमच्या शिस्तीचा प्रश्न आहे, तो आम्ही सोडवू. त्यासाठी गावाला अंधारात ठेवणे हा उपाय नव्हे. अरुणाचलच्या अंजाव जिल्ह्यात सीमेलगत पलीकडच्या टॉवरचा सिग्नल पकडून फोनमधले घड्याळ अडीच तास पुढे गेल्याचे अनुभव लोक सांगतात. आपण जागा मोकळी सोडली, म्हणून ती मोकळी राहत नाही.

डोंगरातला गुराखी हा फौजेचा सगळ्यात जुना पहारेकरी. अनोळखी माणूस दिसला तर तो आधी सांगतो. पण मुलांचे शिक्षण, दवाखाना, बँक, सगळेच फोनवर गेल्यावर सिग्नल नसलेल्या गावात तरुण कशासाठी थांबतील? घरे रिकामी झाली की ती नजरही गेली. मग त्या जागी चौक्या वाढवायच्या, म्हणजे टॉवरच्या कितीतरी पट खर्च.

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजनेत उत्तर सीमेवरची २,९६७ गावे आहेत, ४,८०० कोटींची तरतूद आहे. पाऊल योग्य आहे. माझे म्हणणे इतकेच, की उभारलेले टॉवर मोजू नका, महिन्यातले किती तास चालले ते मोजा आणि गाववार जाहीर करा. बॅटरी, सोलर, जनरेटर यांची देखभाल त्याच गावातल्या दोन पोरांना शिकवून पगारावर द्या. रस्ता बंद असताना तिथे तेच असणार आहेत. आणि जिथे फौजेची फायबर पोचली आहे, तिथे सुरक्षेची काळजी घेऊन तिचा थोडा वाटा गावाला मिळावा. हे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही, आणि पैसा तर आपण केव्हाच भरला आहे.